दुतोंडी पायडल

माणसाने दुतोंडी असू नये, हे आम्ही गेली वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. समोर एक आणि पाठीमागे दुसरे बोलणाऱ्याचा भरवसा कोणी धरीत नाही, हे अनेक निबंधांतून आम्ही विद्यार्थ्यांकडून लिहवूनही घेतले आहे. तरीसुद्धा आज एका दुतोंडी वस्तूची स्तुती करण्यासाठी आम्ही लेखणी उचलली आहे. ती वस्तू म्हणजे आमच्या सायकलचे पायडल होय. त्याच्या एका अंगास सायकलचा खास बूट अडकतो, आणि दुसऱ्या अंगावर बूट, वहाण, चप्पल, जे काही पायात असेल ते खुशाल ठेवता येते. हे पायडल आमच्या सायकलला लागण्यापूर्वी आम्हांस दोन वेळा जमिनीवर यावे लागले. पहिल्या वेळी लोकांची करमणूक झाली. दुसऱ्या वेळी मात्र हसण्यासारखे काही नव्हते. ते दोन्ही प्रसंग विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे ठेवावेत, असे पुष्कळ विचारांती आम्ही ठरविले आहे.

आमचे बिऱ्हाड खडकीस, आणि शाळा पुण्याच्या कॅम्पात. खडकी बाजारातून निघावे, जुन्या मुंबई रस्त्याने वाकडेवाडी गाठावी, संगम पूल ओलांडावा आणि स्टेशनावरून कॅम्पात शिरावे, असा हा सुमारे साडेसात किलोमीटरांचा मार्ग आहे. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. आता त्याच रस्त्यांवर मोटारसायकलींच्या लोंढ्यात सायकलस्वार अंग चोरून जातो. आम्हीही पुष्कळ वर्षे बसनेच येत-जात असू. परंतु चाळिशी उलटली, डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा कागदावर लिहून पुढे केला, आणि २०२२ साली आम्ही गिअरची एक सायकल खरेदी केली. विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटले. आमच्या कुटुंबास ते त्याहून अधिक वाटले.

आमच्या वडिलांना मात्र मुळीच वाटले नाही. नगर जिल्ह्यातील खेड्यांच्या प्राथमिक शाळांतून त्यांनी उभा जन्म शिक्षकाचे काम केले, आणि तेही एका काळ्या, उंच, जड सायकलच्या बळावर. त्या सायकलच्या पायडलांना रबराचे दोन दोन ठोकळे असत. उन्हाळ्यात वडिलांच्या पायांत वहाणा असत, पावसात ते पुष्कळदा अनवाणी जात, आणि रविवारी उपासनेस निघताना काळे बूट घालीत. तिन्ही पायांना ती पायडले सारखीच वागवीत. एखादा ठोकळा झिजला की वडील नवा आणून बसवीत. त्यापलीकडे पायडल ह्या वस्तूचा त्यांनी कधी विचार केला असेल असे आम्हांस वाटत नाही.

विचार करण्याची पाळी आमच्यावर आली ती एका दुकानात. सायकलला पहिल्यापासून असलेली पायडले रुंद व साधी होती, आणि त्यांविषयी आमची काही तक्रारही नव्हती. परंतु दुकानातील तरुण विक्रेत्याने आमच्यापुढे एक चमकदार जोडी ठेवली. लहानशी, पोलादी, मुठीत मावेल एवढी. त्याने सांगितले की, ही पायडले लावल्यावर पाय घसरण्याची भीती राहत नाही व पायातील सारे बळ चाकास मिळते. मनुष्य चाळीस वर्षांचा असो की चौदा वर्षांचा, चमकदार वस्तूपुढे त्याचे शहाणपण काही क्षण डोळे मिटते. आम्ही ती जोडी घेतली, तिच्यासाठी लागणारे बूटही घेतले, आणि जुनी पायडले कागदात बांधून माळ्यावर टाकली.

आता ही पायडले असतात तरी कशी, हे थोडक्यात सांगावयास हवे. सायकलस्वाराचे शरीर सायकलला तीनच ठिकाणी टेकते: हात, बैठक आणि पाय. त्यांपैकी चाक फिरविण्याचे बळ केवळ पायांतून जाते, म्हणून पायडलावर पाऊल स्थिर राहणे महत्त्वाचे. शर्यतीत धावणारे लोक पूर्वी ह्यासाठी पायडलाला पुढून धातूचा एक पिंजरा लावीत, त्यात चवडा घालीत व वरून चामड्याचा पट्टा आवळीत. पाय सोडवावयाचा झाला तर हात खाली नेऊन पट्टा सैल करावा लागे. पुढे १९८४ साली लूक ह्या फ्रेंच कंपनीने निराळी युक्ती बाजारात आणली. बर्फावरून घसरत जाणाऱ्या खेळाडूंचे बूट त्यांच्या लाकडी पट्ट्यांस ज्या खटक्याने अडकतात, त्याच तत्त्वावर तिने पायडल तयार केले. १९८५ साली बर्नार्ड इनो ह्या फ्रेंच सायकलपटूने अशीच पायडले वापरून फ्रान्सची सुप्रसिद्ध शर्यत जिंकली, आणि पट्ट्यांचे दिवस सरले. ह्या नव्या जातीस इंग्रजीत ‘क्लिपलेस’, म्हणजे क्लिप नसलेली, असे म्हणतात. बूट तर क्लिपसारखाच अडकतो आणि नाव मात्र क्लिप नसल्याचे, हा काय प्रकार, असे विद्यार्थी विचारतील. जुन्या पिंजऱ्याचे नाव क्लिप होते. तो गेला, म्हणून हे नाव पडले.

ह्या पहिल्या पायडलांच्या बुटांखालची चकती, जिला क्लीट म्हणतात, ती तळव्याच्या बाहेर आलेली असे. असे बूट घालून चालणे म्हणजे बदकाप्रमाणे डुलणे. १९९० साली शिमानो ह्या जपानी कंपनीने लहानशी, दोन स्क्रूंनी बसणारी क्लीट आणली. ती बुटाच्या तळव्यातील खोबणीत दडून राहते, त्यामुळे त्या बुटांनी बऱ्यापैकी चालता येते. आमचे बूट ह्या दोन स्क्रूंच्या जातीचे होते. चवडा पायडलावर ठेवून खाली दाबला की ‘खट्’ असा आवाज होऊन बूट अडकतो. टाच बाहेरच्या बाजूस वळविली की सुटतो. दुकानात उभ्याने हे आम्ही चार वेळा केले. चारही वेळा जमले, आणि आपणांस विद्या प्राप्त झाली असे समजून आम्ही घरी आलो.

ही विद्या संगम पुलाच्या अलीकडील सिग्नलवर उघडी पडली. तांबडा दिवा लागला. आम्ही ब्रेक दाबला. सायकल थांबली, आणि मग आम्हांस आठवले की आपले दोन्ही पाय अडकलेले आहेत. टाच वळविण्याऐवजी आम्ही लहानपणापासूनच्या सवयीने पाय वर उचलू लागलो. तो अर्थातच उचलला गेला नाही. एखादे झाड तोडल्यावर प्रथम किंचित विचार करते आणि मग एका बाजूस कलते, तसे आम्ही कललो. शेजारीच आमच्या शाळेची बस उभी होती. तिच्या सर्व खिडक्यांतून “सर पडले, सर पडले” असा घोष झाला, आणि त्यात दुःखापेक्षा आनंद अधिक होता, हे आम्ही येथे नमूद करून ठेवतो. कोपर खरचटले, विजारीस भोक पडले, बाकी काही नाही.

दोष पायडलांचा नव्हता. ज्यास बांधून घ्यावयाचे आहे त्याने आधी सुटावयास शिकावे, एवढा साधा नियम आम्ही पाळला नव्हता. त्या रविवारी आम्ही भिंतीला हात टेकून सायकलवर बसलो आणि प्रत्येक पाय वीस वीस वेळा अडकवून सोडविला. पायडलाच्या खटक्याची पकड कमी-अधिक करण्यासाठी बारीक स्क्रू असतो. तो सैल करून घेतला. क्लीटही दोन तऱ्हेच्या मिळतात. काही केवळ टाच बाहेर वळविल्यानेच सुटतात. काही इतर दिशांनी जोराचा झटका दिल्यासही सुटतात, आणि नवशिक्यास ह्या दुसऱ्याच बऱ्या. क्लीट चवड्याच्या फुगवट्याखाली यावी व बुटाची दिशा पायाच्या नैसर्गिक वळणाप्रमाणे असावी, नाहीतर गुडघा दुखू लागतो, हेही आम्ही स्वतःच्या गुडघ्यावरून शिकलो. पुढे वर्षभर सिग्नलवर पडण्याचा प्रसंग आला नाही. उलट आम्हांस थोडा ताठाच चढला. व्हरांड्याच्या दगडी फरशीवर आमच्या बुटांचा टकटक आवाज येऊ लागला की वर्ग आपोआप शांत होई. सायकल-स्टँडात विद्यार्थ्यांच्या जुन्या, गंजक्या सायकलींच्या रांगेत आमची सायकल लावताना मनास बरे वाटे. हे लिहिताना संकोच होतो, पण खरे ते लिहिले पाहिजे.

आता दुसरा प्रसंग. २०२३ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. वडील आता आमच्याकडेच असतात, आणि त्यांना दम्याचा विकार आहे. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास त्यांना धाप लागली. श्वासाबरोबर ओढावयाच्या औषधाची डबी हाती घेतली तो ती रिकामी. दुसरी डबी आणून ठेवण्याचे आम्ही दोन दिवस पुढे ढकलीत होतो. ती चूक सर्वस्वी आमची. डॉक्टरांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, औषध ताबडतोब द्या, आराम न पडल्यास रुग्णालयात घेऊन या. बाजारातील औषधाच्या दुकानात ते होते, परंतु दुकान दहा वाजता बंद होणार, आणि घरपोच आणून देणारा माणूस निघून गेलेला. बाहेर पाऊस कोसळत होता. रिक्षा एकही दिसेना. अंतर एक किलोमीटरभर. आमच्या कुटुंबाने वडिलांना पाठीशी उशा देऊन बसविले आणि म्हणाली, “अहो, सायकलवर जा, पाच मिनिटांत याल.”

आम्ही दारातील रबरी चपला पायात सरकवल्या आणि निघालो. सायकलचे बूट कपाटात होते. ते काढून नाड्या बांधीत बसण्याची ती वेळ नव्हती. परंतु त्या चमकदार पायडलांना बुटावाचून दुसरे काही ठाऊकच नव्हते. मुठीएवढ्या त्या पोलादी तुकड्यावर ओली चप्पल साबणाच्या वडीप्रमाणे सरकू लागली. पहिल्या वळणापर्यंत आम्ही कसेबसे गेलो. पुढे रस्त्यावर एक गतिरोधक होता. पाण्याखाली तो आम्हांस दिसला नाही. सायकल उडाली, दोन्ही पाय एकदम निसटले, पायडल गरकन फिरून उजव्या नडगीवर बसले आणि आम्ही चिखलात पडलो. चपलेचा अंगठा तुटला. साखळी उतरली. नडगीतून रक्त वाहत होते आणि उभे राहता येत नव्हते. आणि घरी आमचे वडील उशांना टेकून एक एक श्वास मोजीत होते.

इतक्यात पाठीमागून एक सायकल खडखडत आली. “कोण, सर?” असा आवाज आला. तो आमच्याच शाळेतील दहावीचा विद्यार्थी होता. मामाच्या दुकानात हिशेबाचे काम आटोपून तो घरी चालला होता. आम्ही त्यास खिशातील ओला कागद दिला, पैसे दिले, दुकान सांगितले. त्याने अधिक एक शब्द विचारला नाही. त्याच्याही पायात साध्या चपलाच होत्या. तो गेला आणि बाराव्या मिनिटास औषध घेऊन थेट आमच्या घरी पोहोचला. आम्ही सायकल ढकलीत दाराशी आलो तेव्हा वडिलांनी औषधाचा पहिला झुरका घेतला होता. अर्ध्या तासाने त्यांचा श्वास खाली बसला. आमच्या नडगीस दुसऱ्या दिवशी पाच टाके पडले. ती खूण अजून आहे.

पाय बरा होईपर्यंत विचार करावयास वेळ होता. नंतर आम्ही माळ्यावरची जुनी रुंद पायडले काढली, बाजारातील सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांकडून ती पुन्हा लावून घेतली, आणि चार आठवडे एका वहीत प्रत्येक खेपेची नोंद ठेवली: आज पायात काय होते, आणि बूट अडकविता आला असता तर बरे झाले असते काय? महिनाअखेर बेरीज केली. एकंदर ८६ खेपा. त्यांपैकी ६० खेपांत पायात चामड्याचे बूट, पावसाळी बूट किंवा चपला होत्या, आणि अडकविण्याची काही गरज भासली नाही: बाजार, पोस्ट, दवाखाना, रविवारची उपासना. उरलेल्या २६ खेपांत मात्र उणीव भासली. लांबच्या ओल्या रस्त्यावर, खड्ड्यांतून, समोरच्या वाऱ्यात पाऊल पायडलावरून उडते. तेथे अडकलेला बूट खरोखर उपयोगी पडतो. मात्र अडकलेल्या पायाने पायडल वर ओढून फार मोठी शक्ती मिळते, ही समजूत अतिशयोक्तीची आहे. मध्यम वेगाने चालविताना साध्या पायडलांच्या मानाने श्रम फारसे वाचत नाहीत, असे प्रयोगांत दिसून आले आहे. खरा लाभ पाऊल जागच्या जागी राहण्याचा.

ही वही आम्ही काकांना दाखविली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, “सर, वही नको. घरातले जोडे घेऊन या.” दुसऱ्या दिवशी आम्ही पिशवीत सर्व पादत्राणे भरून नेली. काकांनी ती दुकानाच्या पायरीवर ओळीने मांडली आणि निरनिराळ्या पायडलांवर एकेक तळवा दाबून, ओला करून, सरकवून पाहिला. पायडल विकत घेण्याची ह्याहून चांगली परीक्षा आम्हांस माहीत नाही. नुसती वस्तू पाहून निवड करू नये. तिच्यावर जो पाय पडणार आहे तो बरोबर न्यावा.

बूटही चालावा आणि चप्पलही, ह्यासाठी बाजारात तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे लहान पायडलाच्या एका अंगावर अडकविण्याची पट्टी. ती स्वस्त पडते, परंतु जी पट्टी खटक्यात अडकते ती आडव्या धक्क्याने सुटूही शकते. दुसरा म्हणजे मधोमध खटका आणि भोवती रुंद चौकट असलेले पायडल. त्याच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून बाजू शोधावी लागत नाही. परंतु मधला खटका वर आलेला असल्यास पातळ चपलेच्या तळव्यास तो टोचतो. तिसरा मार्ग दुतोंडी पायडलाचा: एका अंगास खटका, दुसरे अंग सपाट, रुंद व कडेस दातेरी. आमच्या चपलेने आणि पावसाळी बुटाने हाच मार्ग पसंत केला. सपाट अंग पुरेसे रुंद आहे काय, दाते तळवा धरतील इतके उंच पण नडगी फाडतील इतके तीक्ष्ण नाहीत ना, आणि हाताने फिरविल्यास आतील छर्रे खरखर न करता फिरतात काय, ह्या तीन गोष्टी पाहून आम्ही जोडी निवडली.

तिच्यात दोष नाहीत असे नाही. वजन अधिक आहे. शिवाय हवे ते अंग हव्या त्या वेळी वर नसते. पायडलाची जड बाजू खाली जाते, आणि सिग्नल हिरवा झाल्यावर बुटाने ते उलटविताना मागच्या मोटारींचे भोंगे ऐकावे लागतात. ह्यावर आम्ही एक उपाय काढला. गर्दीत, सायकलचे बूट पायात असले तरी, सपाट अंगच वापरावे. संगम पूल मागे पडून रस्ता मोकळा झाला की पायडल उलटवून बूट अडकवावा, आणि स्टेशनाची गर्दी दिसू लागताच पुन्हा सोडवावा. म्हणजे एकाच खेपेत दोन्ही तोंडे कामास येतात.

ही जोडी सायकलला बसविण्याचे काम स्वतः करावे, अशी आम्हांस हौस आली. शनिवारी दुपारी पाना घेऊन बसलो. उजवे पायडल निघाले. डावे मात्र जसजसा जोर करावा तसतसे घट्ट होत गेले. बोटांची सालटी निघाली. तेवढ्यात वडिलांची प्रकृती विचारावयास तो दहावीचा विद्यार्थी आला. क्षणभर पाहत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “सर, डावीकडचे आटे उलटे असतात.” पाना त्याने हातात घेतला, दुसरीकडे फिरविला, आणि पायडल सुटले.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी ह्याचे कारण सांगतो. पाय फिरत असताना पायडलावरचा भार त्याच्या दांड्याभोवती सारखा फिरत राहतो. त्यामुळे दांडा आपल्या भोकात अगदी सूक्ष्म प्रमाणात उलट दिशेने घरंगळतो. मुठीत पेन्सिल सैल धरून तिचे वरचे टोक गोल फिरवा. ती स्वतःभोवती उलटी फिरू लागेल. डावीकडे साधे आटे असते तर ह्या घरंगळण्याने ते पायडल आपोआप सैल होऊन गळून पडले असते. म्हणून तेथे उलटे आटे. लक्षात ठेवावयाची खूण सोपी आहे: पाना वरच्या बाजूस धरून पुढच्या चाकाकडे फिरविला की दोन्ही पायडले घट्ट होतात, मागच्या चाकाकडे फिरविला की सुटतात. पायडलांच्या दांड्यांवर उजवे-डावे ओळखण्याची अक्षरे कोरलेली असतात. बहुतेक मोठ्या सायकलींचे आटे ९/१६ इंचाचे, काहींचे १/२ इंचाचे. विकत घेण्यापूर्वी मापून घ्यावे. बसविताना आट्यांना ग्रीस लावावे, आणि पहिले काही फेरे बोटांनीच द्यावेत.

काम संपल्यावर त्याने आपली सायकल घेतली, तेव्हा आमची दृष्टी प्रथमच तिच्या पायडलांकडे गेली. डाव्या पायडलाचे एक रबर अर्धे फाटलेले. उजव्या बाजूस रबर नाही, पत्रा नाही, काहीच नाही, नुसता दांडा. त्या दांड्यावर चप्पल टेकवून हा मुलगा त्या पावसात आमच्या वडिलांचे औषध आणावयास गेला होता. आमच्या पायासाठी आम्ही ८६ खेपा मोजल्या, पादत्राणांची पिशवी भरून नेली. आणि शाळेच्या स्टँडात वर्षभर ज्या सायकलींशेजारी आमची सायकल लावीत होतो, त्यांच्या पायडलांकडे एकदाही पाहिले नव्हते.

आमची जुनी रुंद पायडले तेथेच पडलेली होती. आम्ही ती त्यास देऊ केली. त्याने मान हलविली आणि म्हणाला, “फुकट नको, सर.” तेव्हा आम्ही म्हणालो, “फुकट नाही. आत्ता तू आम्हांस जे शिकविलेस, त्याची ही फी समज.” तो हसला, आणि खाली बसून त्याने दोन्ही पायडले आमच्याकडून लावून घेतली. डावे पायडल आम्ही ह्या वेळी बरोबर दिशेने फिरविले.

वडील व्हरांड्यात खुर्चीवर बसून सारे पाहत होते. त्यांनी आमच्या नव्या पायडलास काठीने टिचकी मारली. ते उलटले, पुन्हा मारली, पुन्हा उलटले. “आमच्याला ही दोन तोंडे नव्हती,” ते म्हणाले, “पण पाय आमचेही सगळ्या तऱ्हेचे होते.”

त्यानंतरच्या सोमवारी मधल्या सुट्टीत आम्ही स्टँडात गेलो आणि प्रत्येक सायकलजवळ वाकून पाहिले. सात सायकलींना एका बाजूस नुसता दांडा होता. दोन सायकलींना दोन्ही बाजूंस. ह्या अंकाचा मजकूर देईपर्यंत त्यांपैकी आठ सायकली दुरुस्त झाल्या आहेत. काकांनी वापरलेली पण चांगली पायडले माफक किमतीत दिली, आणि पाना आमच्या त्या विद्यार्थ्याने चालविला. आपले नाव छापू नये अशी त्याची इच्छा आहे, म्हणून ते येथे दिले नाही. नवव्या सायकलच्या क्रँकचे आटेच झिजलेले आहेत. तिला नवी क्रँक लागेल आणि ती ह्या महिन्यात येईल.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, हा अंक खाली ठेवल्यावर त्यांनी अंगणात जाऊन आपल्या मुलाची सायकल पाहावी. घंटी आणि रंग नंतर पाहावा. प्रथम पायडलांवर हात ठेवावा, आणि मग मुलाच्या पायात शाळेत जाताना, खेळास जाताना व पावसात काय असते, ते त्यासच विचारावे.